माल परदेशी गेला, कागद मात्र घरात हवा!

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की चिंचोळी एमआयडीसी लागते. पाळीला जाणारा कामगार तेथे भेटतो, तसा कर्ज काढून चार यंत्रमाग टाकलेला तरुणही भेटतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, परदेशात मागणी आहे. अशा वेळी एखादी ऑर्डर आली की घरात आनंद होतो आणि कोणीतरी सांगून जाते, "निर्यातीवर कर नसतो, तुम्हाला नोंदणीची काय गरज?"

वाचकहो, हे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यामुळेच छोटा उद्योजक बुडतो.

आधी खरे काय ते पाहू. देशाबाहेर जाणाऱ्या मालाच्या विक्रीवर राज्याला कर लावता येत नाही, असे संविधानाचे कलम २८६ सांगते. संविधान सभेत ही तरतूद मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरच होते. पुढे विक्रीकर गेला, २००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला; तत्त्व तेच राहिले. निर्यातीला आज शून्य दराचा पुरवठा म्हणतात.

पण कर शून्य म्हणजे कागद शून्य नव्हे.

महाराष्ट्रात मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ही सवलत निर्यातदाराला नाही. कायदा निर्यातीला आंतरराज्य विक्री मानतो, म्हणून पहिल्याच खेपेआधी नोंदणी हवी. कंपोझिशन योजनेत असलेल्याला तर निर्यात करताच येत नाही. आधी त्या योजनेतून बाहेर पडावे लागते. शिवाय आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन कायम करावी लागते, नाहीतर क्रमांक बंद पडतो.

नोंदणीनंतर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे हमीपत्र, म्हणजेच एलयूटी, भरून कर न भरता माल पाठवायचा. दुसरी म्हणजे कर भरून माल पाठवायचा आणि तो परत घ्यायचा. भांडवल थोडे असेल तर पहिली वाट सोयीची. हमीपत्राला फी नाही, पण ते एकाच आर्थिक वर्षापुरते चालते. दर वर्षी नवे भरावे लागते. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. नाही गेला तर पुढच्या पंधरा दिवसांत कर आणि वर्षाला १८ टक्के दराने व्याज भरावे लागते.

आता पैशाचा हिशेब पाहू. ४ लाखांचे सुती सूत घेतले तर ५ टक्क्यांनी २० हजार रुपये कर आपण सूतवाल्याला देतो. त्या सुताचा सगळा माल हमीपत्रावर परदेशी गेला, तर हे २० हजार सरकारकडून परत मागता येतात. अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे. मुदत टळली की हक्क गेला. सूतवाल्याने आपले विवरणपत्र भरले नसेल, किंवा आपले बिल, विवरणपत्र आणि कस्टमचे शिपिंग बिल यांतील आकडे जुळत नसतील, तरीही परतावा अडकतो. छोट्या कारखान्यात एवढ्या रकमेवर कामगारांच्या पगाराची तारीख मागे-पुढे होते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

चिंचोळीतील लहान कारखानदार पुष्कळदा स्वतः निर्यात करत नाही, निर्यातदार व्यापाऱ्याला माल देतो. पूर्वी अशा विक्रीला 'एच' फॉर्म घेत. आता व्यापाऱ्याने अटी पाळल्या तर केवळ ०.१ टक्का कर लावून माल देता येतो. परंतु बिलापासून ९० दिवसांत त्याने माल परदेशी पाठवला नाही, तर ही सवलत आपली, म्हणजे माल देणाऱ्याची, जाते आणि पूर्ण कराची मागणी आपल्या दारात येते. म्हणून ऑर्डरची प्रत आधी घ्यावी आणि शिपिंग बिलाची प्रत हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो. तो संकोच महागात पडतो.

बऱ्याच घरांत माग भाऊ चालवतो आणि वही बहीण किंवा घरची लक्ष्मी सांभाळते. आमची त्यांना विनंती आहे : प्रत्येक खेपेची एक फाईल करा. त्यात ऑर्डर, बिल, शिपिंग बिल आणि बँकेत पैसे आल्याचा दाखला लावा. तीन महिने, नव्वद दिवस आणि दोन वर्षे या मुदती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. करसल्लागार जरूर ठेवा, मात्र पासवर्ड आणि कागदांच्या प्रती आपल्याही जवळ असू द्या.

माल विणण्याचे कसब आपल्या हातात आहेच. कायद्याने दिलेली सवलत पदरात पाडून घेण्याचे कसबही आपल्या मुलामुलींनी शिकले पाहिजे.