काळा केस, सावळी त्वचा आणि लेसर

लेसरचा किरण केस कापत नाही, उपटतही नाही. तो त्वचेतून आत शिरतो आणि केसाच्या मुळाशी उष्णता निर्माण करतो. केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य हा प्रकाश चटकन शोषून घेते. त्यामुळे केसाची दांडी काही मिलिसेकंदांत तापते, ती उष्णता भोवतालच्या केशकूपात पसरते आणि नवा केस घडवणाऱ्या पेशी भाजून निकामी होतात. या पेशींमध्ये मेलॅनिन फारसे नसते. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती केसाने शोषलेली उष्णता. म्हणून मुळात केस असेल आणि तो काळा असेल, तरच या उपचाराला अर्थ आहे.

मेलॅनिन केवळ केसात असते तर काम सोपे होते. ते त्वचेच्या वरच्या थरातही असते, आणि किरणाला केसाच्या मुळापर्यंत जाताना आधी हाच थर ओलांडावा लागतो. गोऱ्या युरोपीय त्वचेत ते थोडे असते, सावळ्या भारतीय त्वचेत भरपूर. केसासाठी सोडलेला प्रकाश वाटेतच शोषला गेला तर केस शाबूत राहतो आणि त्वचा भाजते. नागपूरच्या रामदासपेठेतल्या किंवा धरमपेठेतल्या दवाखान्यात ज्याला आज सर्रास ‘लेसर करून घेणे’ म्हणतात, त्यातले निम्मे कौशल्य केस जाळण्याचे असेल, तर निम्मे त्वचा न जाळण्याचे आहे.

पहिला लेसर थिओडोर मैमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून तयार केला. त्वचेवर त्याचा काय परिणाम होतो हे लिऑन गोल्डमन या डॉक्टरने त्याच दशकात तपासायला घेतले. केसांच्या बाबतीत खरी वाट मोकळी झाली ती १९८३ मध्ये. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या बॉस्टनच्या दोन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक तत्त्व मांडले: योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ टाकला, तर त्वचेतला नेमका एक घटक तापवता येतो आणि शेजारचा भाग वाचवता येतो. पुढे १९९६ मध्ये माणिक लेसरने मानवी केस दीर्घकाळ कमी झाल्याचा पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या तत्त्वात वेळेला फार महत्त्व आहे. तापलेली वस्तू जितकी बारीक, तितकी ती लवकर थंड होते. त्वचेचा वरचा थर साधारण ३ ते १० मिलिसेकंदांत उष्णता बाहेर टाकतो. जाड केसाच्या केशकूपाला त्यासाठी त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणून प्रकाशाचा झोत या दोन्हींच्या मधल्या कालावधीचा ठेवतात. त्वचेला गार व्हायला सवड मिळते, केस मात्र तापतच जातो. सावळ्या त्वचेसाठी झोत आणखी लांबवतात, म्हणजे तीच ऊर्जा थोडी सावकाश दिली जाते.

दुसरा प्रश्न तरंगलांबीचा. तरंगलांबी वाढत जाते तशी मेलॅनिनची शोषणक्षमता कमी होते आणि किरण अधिक खोल जातो. माणिक लेसर ६९४ नॅनोमीटरचा. तो वरच्या थरातच बराचसा शोषला जातो, त्यामुळे भारतीय त्वचेसाठी तो कधीच सोयीचा नव्हता. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचा आहे. तो उजळ त्वचेवर चांगले काम करतो, सावळ्या त्वचेवर मात्र जपून वापरावा लागतो. भारतात सर्वाधिक दिसतो तो ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड. फार सावळ्या किंवा काळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानतात. त्याचा किरण खोल जातो आणि वरच्या थराला कमी त्रास देतो, पण मेलॅनिनही त्याला कमी शोषते. परिणामी बारीक केसांवर तो उणा पडतो आणि दुखतोही जास्त. ‘आयपीएल’ नावाने मिळणारा उपचार लेसर नव्हे. त्यात एका तरंगलांबीऐवजी प्रकाशाचा रुंद पट्टा असतो आणि गाळण्या लावून नको असलेला भाग अडवतात. जाहिरातीत ही दोन्ही नावे बऱ्याचदा एकाच दमात घेतली जातात. ग्राहकाने यंत्र नेमके कोणते आहे हे विचारण्यात गैर काही नाही.

कोणती त्वचा कोणत्या गटातली, हे ठरवायला डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांची वर्गवारी वापरतात. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती सुचवली तेव्हा तिचे विषय गोऱ्या कातडीचे लोकच होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे गट नंतर जोडले गेले. बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्या गटात मोडतात. मात्र गट एकदा ठरला म्हणजे काम संपले असे होत नाही, कारण उन्हाने त्वचेचा रंग बदलतो. नागपूरमध्ये हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य थेट डोक्यावर येऊन शून्य सावलीचा दिवस होतो, आणि कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपाही त्याच सुमारास तापतो. डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळणाऱ्या दुचाकीस्वार मुली शहरभर दिसतात. त्यांचा चेहरा झाकलेला असतो, पण कोपरापासून बोटांपर्यंत हात रापतात. एकाच व्यक्तीच्या काखेला जी ऊर्जा चालते, तीच तिच्या रापलेल्या हातावर फोड आणू शकते. म्हणून ताजे रापलेपण असेल तर काही आठवडे थांबावे लागते. सुरुवात हिवाळ्यात करणे इथे सोयीचे पडते. लग्नसराईचा हिशेब त्यात बसतो, मात्र तुळशीचे लग्न लागल्यावर पहिली सिटिंग घेऊन महिन्याभरात बोहल्यावर चढायचे ठरवले, तर फारसा फरक दिसणार नाही.

याचे कारण केसाच्या वाढीत आहे. प्रत्येक केस वाढ, ओसर आणि विसावा या तीन अवस्थांतून जातो. वाढीच्या अवस्थेत केस मुळाशी घट्ट जोडलेला आणि मेलॅनिनने भरलेला असतो. लेसरचा घाव नीट बसतो तो तेव्हाच. विसाव्यातल्या केशकूपाला त्या दिवशी फारसे काही होत नाही. डोक्यावरचे बहुतेक केस एका वेळी वाढीत असतात, पण हातापायांवरच्या केसांपैकी बराच मोठा भाग विसाव्यात असतो. त्यामुळे एका सिटिंगमध्ये थोडेच केस कायमचे बाद होतात, उरलेले जागे होण्याची वाट पाहावी लागते. साधारण ६ ते ८ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी त्यांत ४ ते ६ आठवड्यांचे अंतर ठेवतात, अंगासाठी ६ ते ८ आठवड्यांचे.

पहिली भेट यंत्राविना व्हायला हवी. हनुवटीवर, गळ्यावर, छातीवर किंवा पोटावर राठ केस वाढलेल्या मुलीची पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल, तर डॉक्टर पीसीओडी या बीजकोशांशी निगडित विकाराचा संशय धरून संप्रेरकांच्या तपासण्या सांगतात. केसांची वाढ मोजायला फेरिमन आणि गॅलवे यांनी १९६१ मध्ये तयार केलेली गुणपद्धती सुधारून वापरली जाते. शरीराच्या नऊ जागांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन बेरीज करायची. मूळ बिघाड तसाच ठेवून केवळ लेसर करत राहिले, तर संप्रेरकांच्या रेट्याने नवे केस राठ होत राहतात आणि पैसे मात्र सिटिंगमागून सिटिंग जात राहतात.

याच भेटीत औषधे विचारली जातात, कारण डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. ओठांवर वारंवार नागीणसदृश पुरळ येत असेल तर आधी विषाणूविरोधी गोळी देतात. जखमेचे वण फुगण्याची प्रवृत्ती आहे का, हेही पाहतात. गरोदरपणात उपचार पुढे ढकलतात. विदर्भात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते, ती म्हणजे गोंदण. हातावर किंवा हनुवटीवर गोंदलेला काळा रंग लेसरला मेलॅनिनइतकाच, किंबहुना जास्त प्रिय असतो. त्यावर झोत पडला तर जागच्या जागी भाजते. हाच नियम आजच्या टॅटूलाही लागू आहे. गोंदण झाकून आणि त्याच्या कडेपासून अंतर राखूनच काम करतात. तीळ आणि मसही झाकतात. हातावर गडद मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत थांबणे बरे.

पूर्वतयारीचा सर्वांत महत्त्वाचा नियम पार्लरच्या सवयीविरुद्ध जातो. उपचाराआधी ४ ते ६ आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने केस उपटणे बंद. उपटलेल्या केसाबरोबर लेसरचे लक्ष्यच निघून जाते. ब्लीचही नको, कारण त्याने केसाचा रंग जातो. वस्तरा मात्र चालतो, किंबहुना आदल्या दिवशी तो फिरवायलाच सांगतात. दांडी त्वचेवर उरली तर झोतातली ऊर्जा बाहेरच जळण्यात वाया जाते आणि त्वचेला चटका बसतो. चेहऱ्यावर वस्तरा फिरवायचे म्हटले की अनेक मुलींच्या आया धास्तावतात. वस्तऱ्याने केस जाड होतात, हा समज फार जुना आणि चुकीचा आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, एवढेच. त्याच्या मुळाला वस्तऱ्याचा पत्ताही नसतो.

प्रत्यक्ष सिटिंगच्या आधी आडोशाच्या एखाद्या जागी दोन-चार झोत टाकून चाचणी घेतात आणि सावळ्या त्वचेत काही दिवस थांबून परिणाम पाहतात. सिटिंगच्या दिवशी चेहरा किंवा अंग मेकअप, तेल आणि घामापासून स्वच्छ केले जाते. छायाचित्रे काढतात. खोलीतल्या प्रत्येकाने डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठी बनवलेले गॉगल घालायचे असतात. रुग्णाचे डोळे अपारदर्शक पट्टीने झाकतात. भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर चालवत नाहीत, कारण बुबुळाभोवतालच्या पडद्यातही मेलॅनिन असते आणि तिथली इजा कायमची राहू शकते.

मग जेलचा पातळ थर लावतात आणि हँडपीस, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, त्वचेवर टेकवतात. त्याच्या टोकाला नीलमण्याची थंड काच असते. काही यंत्रांत थंड हवेचा झोत किंवा गोठवणारा फवारा असतो. थंडावा वेदना कमी करतो, पण त्याचे मुख्य काम वरचा थर वाचवण्याचे आहे. हँडपीसचे तोंड जितके रुंद, तितका किरण न विखुरता खोल जातो. दर चौरस सेंटिमीटरला किती जूल ऊर्जा द्यायची हे त्वचा, केसाची जाडी आणि जागा पाहून ठरते. प्रत्येक झोतागणिक ताणलेला रबर बँड त्वचेवर सुटावा तसा चटका जाणवतो, आणि केस करपल्याचा वास येतो. त्या धुरात आरोग्याला घातक रसायने असल्याचे आढळले आहे, म्हणून धूर ओढून घेणारे यंत्र आणि खेळती हवा असलेली खोली ही चैन नव्हे. ओठावरची लव काही मिनिटांत होते. काखांना थोडाच अधिक वेळ लागतो, दोन्ही पायांना तासभर जाऊ शकतो. भूल देणारे मलम लहान जागेपुरते ठीक. मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळले तर औषध रक्तात उतरते, आणि परदेशात याने मृत्यूही झाले आहेत.

काम नीट झाल्याची खूण लगेच दिसते. प्रत्येक केसाभोवती बारीक लाल फुगवटा येतो. तो काही तासांत, फार तर दोन दिवसांत ओसरतो. बर्फाची पिशवी आणि साधे मॉइश्चरायझर पुरते. पुढचे काही दिवस वाफ, गरम पाणी, घाम येईल असा व्यायाम टाळायचा, आणि ऊन तर आठवडे टाळायचे. सनस्क्रीन रोज लावायचे. आठ-दहा दिवसांनी केस पुन्हा उगवल्यासारखे दिसतात. ते बहुधा जळालेले तुकडे वर सरकत असतात आणि आपोआप गळतात.

चुकीचे परिणाम भारतीय त्वचेवर बहुधा रंगाच्या रूपात दिसतात. फोड, खपल्या आणि मग महिनोन्महिने टिकणारे काळे डाग. क्वचित पांढुरके चट्टेही. आणखी एक चमत्कारिक परिणाम आहे. जबडा आणि गळ्याच्या कडेला, विशेषतः पीसीओडी असलेल्या सावळ्या स्त्रियांमध्ये, लेसरनंतर बारीक लव उलट राठ होते. अपुरी ऊर्जा केशकूपाला मारण्याऐवजी डिवचते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून चेहऱ्यावरच्या मऊ लवेवर लेसर चालवू नये, असे अनुभवी डॉक्टर सांगतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने २००८ मध्ये या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा भर प्रशिक्षित डॉक्टरवर, संमतिपत्रावर आणि वास्तव अपेक्षांवर आहे. हँडपीस तंत्रज्ञाच्या हातात असणे नवे नाही, पण ऊर्जा ठरवणारा आणि फोड आला तर उपचार करणारा डॉक्टर त्याच छताखाली असावा.

‘कायमचे केस जाणार’ ही पाटी लेसरला न्याय देत नाही. अमेरिकेची अन्न व औषध प्रशासन संस्था केसांची संख्या दीर्घकाळ घटण्यालाच मान्यता देते, एकूण एक केस नाहीसा होईल असे म्हणत नाही. बहुतेकांचे बरेच केस जातात, उरलेले पातळ आणि फिके होतात. संप्रेरकांचा त्रास असेल तर वर्षातून एखाद-दुसरी सिटिंग पुढेही घ्यावी लागते.

पांढऱ्या केसांना मात्र लेसर काहीच करू शकत नाही, कारण त्यांत मेलॅनिन नसते. त्यांच्यासाठी लेसरपेक्षा कितीतरी जुनी पद्धत आहे. चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने पापणीचे आत वळलेले केस काढण्यासाठी विजेची सुई वापरली आणि १८७५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. एकेका केशकूपात बारीक सुई सरकवून विजेने मूळ मारायचे. यात केसाचा किंवा त्वचेचा रंग आड येत नाही. मात्र ही पद्धत इतकी संथ आहे की पायांसाठी कोणी तिचा विचार करत नाही. चाळिशीनंतर हनुवटीवर उगवणाऱ्या मोजक्या पांढऱ्या राठ केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आजही तीच सुचवतात.