खजाना बावडीची पातळी का टिकते?

बीड जिल्ह्यातील शाळांच्या सहली बहुधा ठरलेल्या असतात. परळीचे वैजनाथ मंदिर, अंबाजोगाईची योगेश्वरी व तेथील हत्तीखाना लेणी, धारूरचा किल्ला आणि बीड शहरात पाण्याच्या कुंडात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर. या यादीत शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेली खजाना बावडी उरल्यासुरल्या वेळात पाहिली जाते. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती सर्वांत आधी दाखवावी, असे आम्हांला वाटते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधविली. तिला तीन भुयारे आहेत. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्यातून उत्तरेकडील शेतजमिनीसाठी बाहेर जाते. पावसाळा असो वा दुष्काळ, विहिरीची पातळी बदलत नाही, अशी तिची ख्याती आहे.

यामागचे कारण वर्गात दाखविता येते. एका डब्याच्या बाजूला मध्यावर मोठेसे भोक पाडा आणि डबा नळाखाली ठेवा. पाणी भोकापर्यंत चढेल व तेथेच थांबेल. धार मोठी केली, तर भोकातून जास्त पाणी बाहेर पडेल. पातळी मात्र किंचितच वाढेल. आता नळ बंद करा. पाणी भोकाच्या खालच्या कडेशी येऊन थांबेल. खजाना बावडीचे तिसरे भुयार म्हणजे हे भोक होय. म्हणूनच स्थिर पातळी हा पाणी भरपूर असल्याचा पुरावा नव्हे. किती पाणी येते, हे बाहेर जाणाऱ्या प्रवाहावरून कळते.

हे पाणी येते कोठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा काळा खडक तयार झाला. अखंड कातळात पाणी जवळजवळ शिरत नाही. भेगाळलेल्या व झिजलेल्या थरांत मात्र ते साठते. अशा ओल्या थरात अगदी थोड्या उताराचे भुयार खणले, की आजूबाजूचे पाणी झिरपून आपोआप वाहू लागते. मोट लागत नाही, बैल लागत नाहीत. इराणमध्ये याच तत्त्वावरील भुयारांना कनात म्हणतात. बऱ्हाणपूरचा ‘खुनी भंडारा’ आणि मलिक अंबरच्या काळातील औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) नहर ही याच कुळातील कामे होत.

या रचनेचा एक गुण आज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. भुयार आपल्या पातळीच्या वरचेच पाणी घेऊ शकते. भूजल खाली गेले, की प्रवाह रोडावतो आणि उपसा आपोआप कमी होतो. बोअरवेलला असे बंधन नाही; पाणी खाली गेले, की आपण आणखी खोल जातो. जिल्ह्याने १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ सोसले आहेत. भुयारांच्या वरच्या अंगाला बेसुमार उपसा झाला, तर त्यांत पाणी झिरपणार नाही, मग विहिरीचे चिरे कितीही भक्कम असोत.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. सहल एकदाच न काढता मुलांचा एक गट पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असा तीनदा न्यावा. काठावरील एका खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोठ्यांच्या देखरेखीखाली वजन बांधलेल्या दोरीने मोजावे. बाहेरच्या पाटात पाणी असेल, तर तरंगत्या पानाला ठरावीक अंतर कापण्यास किती सेकंद लागतात, ते टिपावे. परिसरातील चार विहिरींची पातळीही नोंदवावी. तीन ऋतूंचे आकडे शेजारीशेजारी मांडले, म्हणजे ‘बावडी कधी आटत नाही’ या सांगण्यात तथ्य किती, हे मुले स्वतःच ठरवू शकतील.