एक आडनाव, अनेक घराणी
लेखांक ६ : कुलमंडळ आणि कुलवृत्तांत

एका आडनावाच्या सर्व ज्ञात घराण्यांची पिढीवार नोंद ज्या ग्रंथात असते त्याला कुलवृत्तांत म्हणतात. ही नोंद गोळा करणे, तपासणे आणि छापणे हे काम बहुधा त्या आडनावाचे कुलमंडळ करते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही परंपरा महाराष्ट्रात रुजली आणि चित्पावन कुळांमध्ये ती विशेष फोफावली. गोखले, आपटे, पेंडसे, केळकर अशा अनेक कुळांचे जाडजूड खंड निघाले. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच ग्रंथांच्या आधारे कोकणातून देशावर आणि शहरांकडे झालेली स्थलांतरे, शिक्षण आणि बदलते व्यवसाय यांचा अभ्यास कसा करता येतो हे दाखवले. घरगुती अभिमानातून सुरू झालेले हे काम त्यामुळे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही ओळखले जाऊ लागले.

मंडळाच्या पहिल्या सभेत जमलेले सगळे एकमेकांना भाऊबंद मानूनच आलेले असतात. प्रत्यक्षात आडनाव एक असणे म्हणजे कूळ एक असणे नव्हे. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, चिटणीस, फडणीस ही वतनाची किंवा हुद्द्याची नावे आहेत. जितक्या गावांना कुलकर्णी होते तितकी वेगळी कुलकर्णी घराणी असू शकतात. गावावरून पडलेल्या नावांचेही तसेच, कारण एका गावातून निघालेली निरनिराळ्या जातींची माणसे परगावी एकाच ‘कर’ आडनावाने ओळखली गेली. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, बंजारा समाजात आहेत आणि इतर अनेक समाजांतही आहेत. साठे हे आडनाव चित्पावनांत आहे आणि मातंग समाजातही आहे; अण्णाभाऊ साठे मातंग समाजातले. म्हणून आडनावाला आणखी काही खुणांची जोड द्यावी लागते.

चित्पावनांत ती खूण गोत्राची. परंपरेने त्यांची १४ गोत्रे आणि मूळची ६० आडनावे मानली जातात; पुढे उपनावे वाढत गेली. गोखले काश्यप गोत्राचे, कर्वे गार्ग्य गोत्राचे, असा मेळ बऱ्याच आडनावांत बसतो. जोशी मात्र अनेक गोत्रांत आहेत, तेव्हा जोशी कुळाच्या शोधाला गोत्र, मूळ गाव आणि कुलदैवत या तिन्ही गोष्टी माहीत झाल्याशिवाय दिशाच मिळत नाही. मराठा कुळांत हेच काम देवक करते. एकाच देवकाच्या घराण्यांत लग्नसंबंध होत नाहीत, त्यामुळे आडनावे वेगळी होऊनही जुने नाते देवकात टिकून राहिलेले दिसते.

कुलदैवताची साक्ष तर फार मोलाची. गोव्यातल्या कुशस्थळीचे मंगेशाचे देवस्थान पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या धोरणामुळे १५६० साली फोंडा महालात हलवावे लागले, आणि त्याच काळात गोव्यातली अनेक सारस्वत घराणी कारवार, मंगळूर, केरळपर्यंत पांगली. चार शतकांत त्यांची बोली बदलली, आडनावांची रूपे बदलली, पण कौल लावायला आणि नवस फेडायला ती कुठे जातात यावरून मूळ ठिकाणाचा माग लागतो.

आडनाव बदलण्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत. कान्होजी आंग्रे यांचे घराणे मूळचे संकपाळ. अंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. नाना फडणवीसांचे आडनाव भानू, गाव कोकणातले वेळास, आणि फडणवीस हा हुद्दा. इचलकरंजीच्या घोरपडे घराण्याचे संस्थापक नारो महादेव हे जोशी होते; सेनापती संताजी घोरपडे यांच्याविषयीच्या कृतज्ञतेतून त्यांनी घोरपडे हे नाव घेतले. आडनावापुरतेच पाहिले तर इचलकरंजीकर संताजींच्या वंशात जाऊन बसतील आणि ज्या जोशी कुळातून ते आले तिथली त्यांची शाखा कायमची तुटलेली दिसेल. मॉरिशसमध्ये याहून वेगळी अडचण येते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेल्या कोकणातल्या अनेक मजुरांच्या पुढच्या पिढ्यांना बापाचे किंवा आज्याचे नावच आडनाव म्हणून चिकटले. मात्र मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत व्यक्तीचा क्रमांक, जहाज, बापाचे नाव आणि मूळ जिल्हा-गाव अशा नोंदी सापडतात, आणि तिथले मराठी भाषिक त्यांच्याच आधारे कोकणातले आपले गाव शोधतात.

माहिती गोळा करण्याची सुरुवात घरातूनच होते. मंडळ प्रत्येक घराला माहितीपत्रक पाठवते, पण पत्रकातल्या रकान्यांपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण अधिक उपयोगी पडते, आणि ती लवकर गाठावी लागते. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्या नावांचा उच्चार होतो. माता, पितामही, प्रपितामही आणि आईकडचे आजोबा-पणजोबाही त्यात येतात. ज्या घरात पक्ष नेमाने होतो तिथे निदान तीन पिढ्यांची नावे, स्त्रियांच्या नावांसकट, कुणाच्या तरी तोंडपाठ असतात किंवा उपाध्यायांच्या टिपणात असतात. स्त्रियांची नावे इतर कागदांत इतकी विरळ आहेत की या एका विधीने जपलेली नावे शोधकाला अमोल वाटतात.

घराबाहेरचा सर्वांत समृद्ध ठेवा तीर्थोपाध्यायांकडे असतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने आपले गाव, वाडवडिलांची, भावांची आणि मुलांची नावे लिहून खाली सही केलेली असते. पुढच्या पिढीतला कुणी आला की त्याच नोंदीखाली नवी नोंद होते. लिहिणारा स्वतःच्याच कुटुंबाविषयी लिहीत असतो आणि त्यात कुठल्या वतनाचा दावा गुंतलेला नसतो, म्हणून या नोंदींवर बराच भरवसा ठेवता येतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत हेळवी लोक गावोगाव फिरून आपापल्या यजमान घराण्यांच्या वंशावळी म्हणून दाखवतात आणि वह्यांत भर घालतात. ज्या शेतकरी घराण्यांचा छापील कुलवृत्तांत निघालेला नाही, त्यांच्यासाठी हेळव्याची वही हाच कुलवृत्तांत. ती नीट उतरवून, तिची छायाचित्रे काढून ठेवणे हे आज कुलमंडळांच्या हाती असलेले सर्वांत निकडीचे काम म्हणायला हवे.

सरकारी दप्तरांपैकी पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दप्तर आणि १८५२ साली कायद्याने उभ्या राहिलेल्या इनाम कमिशनचे कागद महत्त्वाचे. इनामाचा हक्क सिद्ध करण्यासाठी इनामदारांनी कमिशनपुढे कैफियती आणि वंशावळी मांडल्या. त्या वाचताना सावध राहावे लागते. वतनाच्या तंट्यात दिलेल्या वंशावळीत ज्या भाऊबंदाला वाटा द्यायचा नाही त्याची शाखा गाळलेली असू शकते, किंवा तिला ‘निपुत्रिक’ म्हटलेले असू शकते. म्हणून दोन्ही पक्षांच्या वंशावळी आणि गोतसभेचा महजर मिळाला तर शेजारी ठेवून वाचावे. गावपातळीवर वारस नोंदीचे फेरफार उपयोगी पडतात. मात्र १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या फेरफारांत मुलींची नावे क्वचितच भेटतात. जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकांकडे २०२३ नंतर सगळ्या राज्याचे लक्ष गेले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि पणजोबाच्या नावाची एक ओळ घरोघरी शोधली जाऊ लागली.

जुन्या कागदांवरचे काळही उलगडावे लागतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या मध्यानंतर फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात, जानेवारी ते मे या काळात ५९१. शुहूर सन अरबी अंकनामांत लिहितात. ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५६. त्यात ५९९ मिळवले की १७५५ येतो. हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे.

साधने जमली तरी जुळणीचे काम अवघडच. थोरल्या नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे घराण्यात दोनच नावे आलटून पालटून येतात. महादेव बल्लाळ, बल्लाळ महादेव, पुन्हा महादेव बल्लाळ अशी माळ दिसली की दोन माणसे एक धरली जाण्याचा धोका असतो. अशा वेळी काळाचा हिशेब मदतीला येतो. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षे धरली तर १७२० ते १९०० या काळात सहा-सात पिढ्या व्हायला हव्यात. वंशवृक्षात तीनच असतील तर मधली नावे एकमेकांत मिसळली आहेत असे समजावे. कागदात अण्णा, बापू, तात्या एवढेच लिहिले असेल तर ते कोण हे दुसऱ्या पुराव्याशिवाय ठरवता येत नाही. दत्तकाची नोंद दुहेरी ठेवतात: माणूस दत्तक घराण्यात येतो आणि जनक घराण्यात त्याच्या जागी तशी टीप येते. अलीकडे काही घराणी य गुणसूत्राची तपासणीही करून घेतात, कारण ते आडनावाप्रमाणेच बापाकडून मुलाकडे जाते. दोन शाखा एका पुरुषापासून आल्या का, एवढे त्यातून कळू शकते. तो पुरुष कोण आणि नेमका कितव्या पिढीतला, हे कागदच सांगतात. दत्तक भाऊबंदांतलाच असेल तर दत्तकाची गाठ या तपासणीत दिसतही नाही.

चांगल्या कुलवृत्तांतात घराणी मूळ गावाप्रमाणे मांडलेली असतात आणि प्रत्येक घराण्याचा वंशवृक्ष ज्ञात मूळपुरुषापासून सुरू होतो. ज्या दोन घराण्यांमधला दुवा सापडलेला नाही ती वेगळीच छापतात. सभासदांना हे रुचत नाही. सगळ्यांना एका महावृक्षात यायचे असते आणि प्रसिद्ध पुरुषाच्या शाखेत जागा हवी असते. या आग्रहापुढे संपादकाने मुळीच नमू नये. एकदा छापलेला खोटा दुवा पुढच्या प्रत्येक आवृत्तीत आणि प्रत्येक घरच्या भिंतीवरच्या वंशवृक्षात उतरत राहतो, आणि खरा पुरावा हाती आला तरी त्याला जागा सापडत नाही. रिकामी सोडलेली जागा मात्र एखाद्या तीर्थोपाध्यायाच्या वहीतल्या ओळीने उद्याही भरता येते.

जुन्या खंडांत मुलींची नोंद त्रोटक असे. सुनांची मात्र माहेरची आडनावे आणि वडिलांची नावे पुष्कळदा दिलेली असत. त्या नोंदींमुळे एका कुळाचा ग्रंथ दुसऱ्या कुळाच्या ग्रंथाशी ताडून पाहता येतो: गोखल्यांच्या घरात आलेली कर्व्यांची लेक दोन्ही खंडांत सापडायला हवी. नव्या आवृत्त्यांत मुली, त्यांचे पती आणि मुले यांच्या सविस्तर नोंदी येऊ लागल्या आहेत. हयात व्यक्तींच्या बाबतीत मात्र पूर्ण जन्मतारीख, पत्ता आणि दूरध्वनी छापण्याची जुनी पद्धत सोडून जन्मवर्ष आणि गाव एवढेच द्यावे, आणि तेही संमतीने. ग्रंथ छापून झाला की दुरुस्त्या येऊ लागतात. त्या पुराव्यासह नोंदवून ठेवायच्या आणि काही वर्षांनी पुरवणी काढायची, हा मंडळाचा पुढचा कार्यक्रम असतो.