मावशीची गाठ आणि पेटीतली फाईल

अकोल्याच्या आमच्या मावशीच्या हाताला स्तनात गाठ लागली. घरच्यांनी स्तनाचाच कॅन्सर धरला. स्तन काढून टाकायचे, हेही ठरवून झाले. डॉक्टरांनी विचारले, "बाई, पूर्वी काही मोठे दुखणे?" मावशी म्हणाली, "नाई जी. चार वर्साआंधी पोटातली गाठ काढली, तेवढंच." ती गाठ बीजकोशाच्या कॅन्सरची होती. आम्हा सर्वांना ठाऊक होते. मावशीला मात्र कुणी सांगितले नव्हते.

दुसरीकडचा कॅन्सर रक्तावाटे किंवा लसिकेवाटे स्तनात येऊन बसू शकतो. असे क्वचितच होते. स्तनाच्या शंभर कॅन्सरांत फार तर एखाद-दोन. मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर, लिम्फोमा, फुप्फुस, बीजकोश, जठर ही त्याची नेहमीची मूळस्थाने. पुरुषांच्या स्तनातही तो येतो, तेव्हा प्रोस्टेटकडे पाहावे लागते.

अशी गाठ बहुधा गोल व रेखीव कडेची असते. त्यामुळे मॅमोग्राफीत ती साध्या गाठीसारखीही दिसते. फोटोवर निकाल लागत नाही. जाड सुईने तुकडा काढून तपासावा लागतो, आणि पॅथॉलॉजिस्टला जुने दुखणे माहीत असेल तरच तो नेमके रंग लावून पाहतो. स्तनाच्या पेशी सहसा 'गाटा-३' या तपासणीत रंगतात, बीजकोशाच्या 'पॅक्स-८' मध्ये, फुप्फुसाच्या बऱ्याचदा 'टीटीएफ-१' मध्ये. नुसत्या 'ईआर'वर भिस्त ठेवता येत नाही. तो बीजकोशाच्या कॅन्सरमध्येही सापडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मूळ दुसरीकडे असेल तर औषध त्या मुळाचे द्यावे लागते. नुसता स्तन कापून रोग जात नाही, बाईचे अंग मात्र जाते.

मावशीचे जुने ऑपरेशन अमरावतीला झाले होते. फाईल पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली निघाली. तिच्यातल्या नंबरावरून भाच्याने लॅबमधून मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या मागून आणल्या. (आपल्याकडे पिशवीचे, गाठीचे ऑपरेशन झालेल्या किती बायांजवळ तो कागद असेल?) जुना आणि नवा तुकडा शेजारी ठेवून पाहिला. गाटा-३ रंगला नाही, पॅक्स-८ रंगला. स्तन राहिला, सलाईनमधून औषध सुरू झाले.

त्या रात्री मावशीला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले आंधीच काऊन नाई सांगतलं?"

आम्ही खाली पाहत राहिलो. फाईल आता तिच्या उशाशी असते.