सातारा ते सांगली ३८ मिनिटं? फ्लाइट टाइमचं गणित समजून घेऊ

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून देतोय.

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि फ्लाइट टाइम सांगणाऱ्या वेबसाइट्स तुम्ही पाहिल्या असतील. नैरोबी ते लागोस टाका. उत्तर येतं साधारण ३,८०० किलोमीटर, सव्वापाच तास. आता सातारा ते सांगली टाका. १११ किलोमीटर, ३८ मिनिटं! पण या दोन्ही शहरांतून प्रवासी विमान उडतच नाही. मग हा आकडा येतो कुठून?

सोपं आहे. प्रत्येक शहराचे अक्षांश-रेखांश असतात. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून, गोलावरून दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर काढतात. त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झालं! खरंच फ्लाइट आहे का, हे प्रोग्रॅम बघतच नाही. कराडवरून जाणारा रस्ताही त्याला माहीत नसतो. त्या रस्त्याने अंतर सव्वाशेच्या आसपास भरतं आणि एसटीला तीनेक तास लागतात.

इथवर गंमत आहे. पण समजा, सांगलीतल्या तुमच्या भावाला नैरोबीत पहिली नोकरी लागली. मुंबई ते नैरोबी सुमारे ४,५३० किलोमीटर, म्हणजे सहा तास दहा मिनिटं. घरचे म्हणतात, "अरे, सहाच तास!" आता उलटं मोजू.

सांगली ते मुंबई रस्त्याने जवळपास ३८० किलोमीटर. आठ तास धरा. घाटात नाहीतर पनवेलला ट्रॅफिक लागलं तर म्हणून दोन तास हाताशी ठेवा. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला तीन तास आधी पोहोचायचं. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगेला एक तास. बेरीज करा: वीस तास! पहाटे पाचची फ्लाइट असेल तर आदल्या दिवशी दुपारी चारला घर सोडायला हवं.

कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून मुंबईला विमानाने जायचं म्हणाल, तर वेळ वाचतो. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सांभाळा. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं चुकलं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. एकाच बुकिंगवर दोन्ही फ्लाइट्स मिळतात का ते आधी बघा, नाहीतर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

अजून एक घोळ घड्याळाचा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. मुंबईहून पहाटे ५:००ला निघून नैरोबीत सकाळी ८:४०ला उतरलात, तर वाटतं तीन तास चाळीस मिनिटंच लागली. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, ते मिळवा. सहा तास दहा मिनिटंच होतात. येताना हेच उलटं: तिकिटावरच्या वेळांमधून अडीच तास वजा करायचे.

म्हणून तीन गोष्टी तपासा. अंतर सरळ रेषेतलं आहे की रस्त्याचं? त्या मार्गावर, त्या दिवशी खरंच फ्लाइट आहे का? आणि तिकिटावर मुंबई विमानतळ आहे की नवी मुंबई?

मग घर सोडायची वेळ ठरवा आणि ती फॅमिली ग्रुपवर टाका. सोडायला येणाऱ्या काकांनाही कळू दे! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.