एका टिंबाची किंमत

घोडपदेवला आमच्या वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग आम्ही काहीजण मिळून चालवतो. बहुतेक मुले पाचवी-सहावीची. कुणाचे वडील दारुखान्यात लोखंडाच्या वखारीत कामाला, कुणाचे गोदीकडच्या गुदामात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. एका संध्याकाळी आम्ही फळ्यावर दोन आकडे लिहिले : ०.५ आणि ०.२५०. मग विचारले, "यातला मोठा कोणता?"

बहुतेक मुलांनी ०.२५० कडे बोट दाखवले. का? उत्तर तयारच होते. "दादा, पाचापेक्षा अडीचशे मोठे!"

आम्ही फळा पुसला आणि दुसरा प्रश्न घातला. "आईने अर्धा किलो साखर सांगितली आणि तुम्ही पाव किलो घेऊन घरी गेलात, तर?" सगळा वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, "आई तशीच परत पाठवील!"

म्हणजे अर्धा मोठा आणि पाव लहान, हे मुलांना पक्के ठाऊक होते. पण ०.५ किलो म्हणजेच अर्धा किलो आणि ०.२५० किलो म्हणजेच पाव किलो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. सांगितले असेल, तर दाखवले नव्हते. पालकहो, आमच्या मुलांच्या डोक्यात गणित नाही, असे कुणी म्हणाले तर ते मानू नका. गणित आहे. बाजारातले गणित आणि वहीतले गणित यांची गाठ पडलेली नाही, एवढेच.

ही गाठ कशी घालायची, यासाठी आम्ही जे करून पाहिले ते या लेखात मांडत आहोत. त्याला पैसा लागत नाही. घरातल्या वस्तू आणि थोडा वेळ पुरतो.

आजीची पावकी-निमकी

जुन्या पिढीतल्या माणसांना विचारा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे त्यांच्या काळी मुले मोठ्याने घोकत. पावकी म्हणजे ०.२५ चा पाढा, निमकी ०.५ चा, पाऊणकी ०.७५ चा, सवायकी १.२५ चा. म्हणजे ज्याला आज मुले भितात, ते दशांशाचे गुणाकार आपल्या मराठीत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होते. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्या आमच्या आज्या-पणज्यांनीही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द बाजारात वापरून पक्के केले.

नाण्यांचेही तसेच. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चार आणे म्हणजे २५ पैसे, आठ आणे म्हणजे ५० पैसे, हे सरळ जमले. पण एक आणा म्हणजे नेमके ६.२५ पैसे. पाव पैशाचे नाणे कुठून आणणार? म्हणून एका आण्याला ६ नये पैसे धरले. आता मुलांना विचारा : चार वेळा एकेक आणा मोडला तर किती पैसे झाले? चोवीस. आणि एकदम चार आणे मोडले तर? पंचवीस. एक पैसा गेला कुठे? टिंबापुढचा ०.२५ चार वेळा सोडून दिला, तो पैसा तिथे गेला. हे उदाहरण घातले की 'टिंबापुढचे सोडून द्या' असे मुले पुन्हा म्हणत नाहीत.

आजच्या मुलांची एक अडचण आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. पैसा, पाच पैसे, दहा पैसे या मुलांनी हातात घेतलेलेच नाहीत. म्हणून १२.५० रुपये हा त्यांच्यासाठी नुसता छापील आकडा आहे. पण वाण्याच्या दुकानातला विजेवरचा काटा आहे, शिंप्याची टेप आहे, औषधाची बाटली आहे. दशांश तिथे रोज भेटतो.

वाण्याचा काटा

पहिला प्रकल्प बाजाराच्या पिशवीचा. मुलांनी आईबरोबर दुकानात जायचे आणि काट्यावर दिसलेला आकडा जसाच्या तसा वहीत उतरवायचा. काटा टिंबापुढे तीन घरे दाखवतो. पहिले घर दशांशाचे, दुसरे शतांशाचे, तिसरे सहस्रांशाचे. किलोचे हजार ग्रॅम, म्हणून तीन घरे.

इथे वाचण्याची एक सवय आधी मोडावी लागते. ०.२५० हा आकडा 'शून्य पॉइंट दोनशे पन्नास' असा वाचायचा नाही. 'शून्य पॉइंट दोन पाच शून्य' असा वाचायचा. अडीचशे हा शब्द कानावर पडला की मूल फसते.

मग बेरीज. दीड किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ : १.५ अधिक ०.२५. आमच्या वर्गात एका मुलाने शेवटचे आकडे एकाखाली एक घेतले, पंधरा आणि पंचवीस चाळीस केले आणि उत्तर लिहिले ०.४०. आम्ही त्याला चूक म्हटले नाही. एवढेच विचारले, "दीड किलोच्या पिशवीत डाळ टाकल्यावर पिशवी अर्ध्या किलोहून हलकी झाली?" तो स्वतःच म्हणाला, "नाही, पावणेदोन किलो होणार." मग टिंबाखाली टिंब ठेवायचा नियम त्याला कुणी शिकवावा लागला नाही. १.५० अधिक ०.२५ बरोबर १.७५. नियम त्याचा त्यालाच सापडला.

गुणाकारात आम्ही एक शिस्त ठेवली : आधी अदमास, मग गणित. समजा, भेंडी ६० रुपये किलो आणि काट्यावर ०.३५० आले. पाव किलोचे १५ रुपये, अर्ध्या किलोचे ३०. म्हणजे उत्तर १५ आणि ३० च्या मध्येच हवे. आता ३५ गुणिले ६० म्हणजे २१००, टिंबापुढची दोन घरे मोजली की २१.०० रुपये. ज्याचे उत्तर २१० आले किंवा २.१० आले, त्याला आपली चूक लगेच कळते. आणि गुणल्यावर उत्तर साठपेक्षा लहान कसे आले, हेही समजते. माल एका किलोपेक्षा कमी आहे, मग पैसे कमीच होणार.

शून्याची जागाही महत्त्वाची. समजा, सुकी मिरची २४० रुपये किलो. ५० ग्रॅम म्हणजे ०.०५ किलो, त्याचे झाले १२ रुपये. तेच कुणी ०.५ लिहिले तर १२० रुपये. एक शून्य गळले आणि १०८ रुपयांचा फरक पडला.

औषधाची बाटली

दुसरा प्रकल्प माता-भगिनींनी नीट वाचावा. लहान मुलाच्या पातळ औषधावर डॉक्टर लिहितात, २.५ मिलिलिटर, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. हे टिंब पुसट झाले किंवा वाचताना निसटले तर २.५ चे २५ होतात. दसपट औषध! बाजारातला तोटा भरून निघेल, पण इथे लेकराच्या जिवाशी गाठ आहे. चिठ्ठीवरचे टिंब स्पष्ट नसेल तर औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना पुन्हा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

वर्गात आम्ही रंगीत पाणी, औषधाची रिकामी धुतलेली बाटली आणि तिच्याबरोबर येणारे खुणांचे झाकण घेतले. मुलांनी आपापल्या घरून चमचे आणले होते. एकेका चमच्यातले पाणी झाकणात ओतून मोजले, तर प्रत्येक चमचा वेगळा निघाला. 'एक चमचा' हे माप नव्हे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. मग हिशेब केला : २.५ गुणिले ३ म्हणजे दिवसाला ७.५, पाच दिवसांचे ३७.५ मिलिलिटर. बाटली ६० ची. वजाबाकी केली, २२.५ उरले. त्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "आता धाकट्याचे औषध मीच मोजीन." आम्ही म्हटले, "मोज, पण आईच्या समोर."

खिरीचे पातेले

भागाकार मुलांना सगळ्यात अवघड जातो. तो आम्ही बुद्धपौर्णिमेच्या खिरीवर शिकवला. सहा लिटर खीर, एका वाटीत १५० मिलिलिटर, म्हणजे ०.१५ लिटर. किती वाट्या भरतील? ६ भागिले ०.१५. मुले म्हणाली, "भागल्यावर उत्तर सहापेक्षा लहान यायला हवे." आम्ही म्हटले, "एका लिटरमध्ये सहा वाट्या भरून थोडी खीर उरते. मग सहा लिटरमध्ये सहापेक्षा कमी वाट्या कशा होतील?" मग दोन्ही आकडे शंभराने गुणले. ६०० भागिले १५, उत्तर ४०. चाळीस मुलांना एकेक वाटी. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. समान वाटप म्हणजे काय, हे त्या पातेल्यापाशी मुलांना कळले.

त्या दिवशीचा जमाखर्चही मुलांनीच लिहिला आणि फळ्यावर सर्वांसमोर मांडला. आमची विनंती आहे की जयंतीच्या वर्गणीचा हिशेबही सातवी-आठवीच्या मुलामुलींकडून तपासून घ्यावा. मुलांचे गणित सुधारेल आणि मंडळाचा कारभार स्वच्छ राहील.

खोलीचे माप

आता सर्वांत मोठा प्रकल्प. घराचा.

आमच्या चाळीची खोली दहा बाय बारा फुटांची, १२० चौरस फूट. पण आज घराचे कागद चौरस मीटरमध्ये येतात. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. मुलांनी टेप धरून खोली मोजली, ३.०४८ मीटर आणि ३.६५७६ मीटर. गुणाकार साधारण ११.१५ चौरस मीटर. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी वसाहत बांधली, तिथली घरे २२५ चौरस फुटांची. मुलांनी तेही बदलून पाहिले : २०.९० चौरस मीटर.

झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारे ३०० चौरस फुटांचे घर कागदावर २७.८८ चौरस मीटर असे लिहिलेले असते. आम्ही वर्गात विचारले, "कुणी वाचताना सत्तावीसच म्हटले आणि टिंबापुढचे सोडून दिले, तर?" एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ०.८८ गुणिले १०.७६४ म्हणजे साधारण ९.४७, जवळजवळ साडेनऊ चौरस फूट. हे किती? आम्ही फरशीवर खडूने तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन काढला. नऊ चौरस फूट झाले, साडेनऊला थोडे कमीच. दोन मुली वह्या घेऊन त्या चौकोनात मांडी घालून बसल्या आणि लिहू लागल्या.

वर्ग गप्प झाला. टिंबापुढे जे होते, ती दोन मुलींची अभ्यासाची जागा होती.

आमच्या वस्त्यांमध्ये आज ना उद्या पुनर्विकासाचे कागद येणार. त्यावर सही करण्यापूर्वी घरातले मूल टेप घेऊन उभे राहिले पाहिजे. "बाबा, थांबा, मी मोजून बघतो," असे त्याने म्हटले पाहिजे.

ज्याचा हिशेब, त्याची सत्ता

आमच्या पूर्वजांचे अंगठे सावकाराच्या वहीवर उमटले, कारण वहीत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवावा अशी मागणी होती. आणि परमपूज्य बाबासाहेब? आपल्या घोडपदेवपासून फार दूर नसलेल्या परळच्या बी.आय.टी. चाळीत राहणाऱ्या या महामानवाचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पैशाचा हिशेब कळू नये अशी व्यवस्था होती, त्यांच्यातल्या एकाने साम्राज्याच्या रुपयाचा हिशेब मागितला. त्या बाबासाहेबांची लेकरे दशांशाच्या टिंबाला भिणार काय?

तथागतांनी कालामांना सांगितले होते, कुणी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. गणितात पारखणे म्हणजे मोजून पाहणे. सिगालाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाच्या कमाईचे चार भाग सांगितले : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, एक भाग संकटकाळासाठी राखून ठेवण्याचा. मुलांना ते असे लिहायला सांगा : ०.२५ अधिक ०.५० अधिक ०.२५ बरोबर १. मग समजा ५० रुपये असतील तर प्रत्येक वाट्याला किती, ते काढू द्या. १२.५०, २५ आणि १२.५०.

पालकहो, शिकवणी लावायला पैसे नसतील तरी चालेल. येत्या रविवारी मुलाला बाजारात न्या, काट्यावरचा आकडा त्याला वाचू द्या. बिलाची बेरीज त्याच्याकडून करून घ्या. चुकला तर रागावू नका, 'पिशवी हलकी झाली का?' एवढेच विचारा. आणि मुलीला यातून वगळू नका. घरचा बाजार, औषध, दूध सगळे तिच्या हातून जाते. हिशेबाची वहीही तिच्या हाती द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!