संत्र्याच्या घरातलं वर्ष

डिसेंबर लागला की वरूड-मोर्शी भागात पारावर, बाजारात, एसटी स्टँडवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पानी तोडलं का भाऊ?’ पाणी तोडायचं म्हणजे बागेचं ओलीत बंद करून झाडाला ताण द्यायचा. अनेक घरांचं वर्ष या दिवसापासून मोजलं जातं, कारण पुढचा सगळा हंगाम या ताणावर उभा असतो.

अमरावती जिल्ह्यातले वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार आणि नागपूर जिल्ह्यातले काटोल, नरखेड, कळमेश्वर हा सातपुड्याच्या पायथ्याकडचा संत्र्याचा पट्टा. वरूड-मोर्शीला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. 18व्या शतकाच्या अखेरीस दुसरे रघूजी भोसले यांनी औरंगाबादहून संत्र्याची झाडं नागपूरला आणली, असं सांगितलं जातं. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे नाव टिकवलं ते काही एकरांची बाग पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुटुंबांनी. आता यातल्या काही घरांनी बागेशेजारी शेड टाकून स्वतःच माल निवडायला आणि भरायला सुरुवात केली आहे. त्यांचं काम जवळून पाहिलं, की संत्रं बाजारात येईपर्यंत किती निर्णयांतून जातं ते कळतं.

पहिला निर्णय ताणाचा. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो. काळ्या भारी जमिनीत ओल लवकर हटत नाही, तिथे दीड-दोन महिनेही लागतात. घरातला जाणता माणूस रोज बागेत फिरतो. पानं दुपारी मलूल होतात का, सकाळी पुन्हा टवटवीत होतात का, हे बघतो. रंग फिका पडून थोडी पानगळ सुरू झाली, की ताण बसला. कमी पडला तर झाड फुलाऐवजी नुसती नवती, म्हणजे नवी पालवी काढतं. जास्त झाला तर फांद्या वाळतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर सगळी मेहनत पाण्यात. या काळात वखरणी होते, वाळलेली सल काढली जाते, शेणखत पडतं, आळी बांधली जातात. खोडाला पाणी लागू नये म्हणून आळं दुहेरी असतं, आतलं कोरडं, बाहेरचं पाण्याचं. मग पाणी सोडलं की जानेवारीच्या अखेरीपासून झाडं फुलू लागतात आणि शिवारभर दरवळ सुटतो. हा आंबिया बहर.

दुसरा मृग बहर. त्याचा ताण उन्हाळ्यात बसतो आणि फूल पावसाबरोबर येतं. आंबियाचं फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोणता बहर धरायचा, हे ठरवतं विहिरीतलं पाणी. आंबिया धरला तर एप्रिल-मेच्या उन्हात वाटाण्याएवढी फळं झाडावर असतात, तेव्हा पाणी तुटून चालत नाही. ज्याच्याकडे मे महिन्याचं पाणी नाही, तो मृगाकडे वळतो आणि पावसाच्या भरवशावर राहतो. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा इतका वाढला, की बोअर खोल खोल जात राहिले. 2019च्या उन्हाळ्यात इथल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. संत्र्याचं झाड लावल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी नीट माल देतं. म्हणून बाग वाळली, की घराची अनेक वर्षं एका उन्हाळ्यात जातात.

कलमाचीही गोष्ट मोठी. वरूड तालुक्यातलं शेंदुरजना घाट रोपवाटिकांसाठी ओळखलं जातं. जंबेरीच्या बियांपासून रोप वाढवून त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा जमिनीपासून वीतभर उंच असावा लागतो आणि लावताना तो मातीत जाऊ द्यायचा नसतो. कारण डिंक्या. ओल्या मातीतली ही बुरशी खोडात शिरली की साल फुटून डिंक वाहतो आणि झाड हळूहळू बसतं. म्हणून पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावायचं काम चुकवून चालत नाही. पावसाळ्यात झडीचा पाऊस लागला की फळगळ सुरू होते. फळं पिकायला लागली की रात्री पतंग येतो, फळाला सोंड खुपसून रस घेतो आणि त्या एका छिद्रातून फळ सडतं. गळलेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरली नाहीत, तर रोग-कीड वाढते. हे वेचण्याचं काम बहुतेक घरांत बायाच करतात आणि कोणत्या ओळीत गळ वाढली, हे त्यांनाच आधी कळतं.

तोडणी आली की बागेची लय बदलते. तोडणाऱ्यांच्या टोळ्या येतात, काही मध्य प्रदेशातूनही. संत्र्याची साल ढिली आणि नाजूक. फळ ओढून तोडलं तर देठाजवळची साल फाटते आणि ते फळ प्रवासात बाकीच्यांना सडवतं. म्हणून जाणता तोडणारा देठ आखूड ठेवून कापतो. सकाळचं दव वाळल्याशिवाय तोडणी सुरू करत नाहीत. क्रेट शेडमध्ये येतात तिथे आधी डोळ्यांनी निवड. निवडणाऱ्या बाईचा हात फळावर क्षणभरच असतो, पण तेवढ्यात ती ते तळहातात फिरवून देठ बघते आणि अंगठ्याने साल दाबते. पोकळ साल, पतंगाचं छिद्र, उन्हाचा चट्टा, काही निसटत नाही. मग धुलाई, ब्रश, मेणाचा पातळ थर, गरम हवा आणि शेवटी आकारानुसार वेगळं करणारे रोलर. मोठा माल एका बाजूला, मधला दुसऱ्या, आणि लहान फळांची ‘चुरी’ वेगळी. मेणामुळे सालीतून पाणी कमी उडतं आणि फळ लांबच्या प्रवासात टवटवीत राहतं.

याच शेडमुळे घराचं अर्थकारण बदलू शकतं. वर्षानुवर्षं रीत अशी, की व्यापारी फळ झाडावर असताना बाग बघतो, अंदाज करतो, इसार देतो आणि बाग घेतो. शेतकऱ्याच्या हाती रोकड लवकर येते, पण भाव पडला की तोडणी लांबते आणि ठरलेली रक्कमही घासाघिशीत कमी होते. स्वतः प्रतवारी करणाऱ्याला निदान आपल्या मालात एक नंबर किती आणि चुरी किती, हे माहीत असतं. भावाच्या बोलणीत ते कामी येतं. बाजाराचा धक्का मात्र त्यालाही चुकत नाही. बांगलादेश हे इथल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्याने आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरूडचा भाव कोसळला. प्रक्रियेची वाटही सोपी नाही, कारण नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की त्यातल्या लिमोनिन या घटकामुळे कडवट होतो. चुरीला मोल येण्यासाठी या अडचणीवर मात करणारे कारखाने इथेच, बागांजवळ हवेत.

वर्षभराची जोखीम ज्या घराने उचलली, त्याच्या हातात भावाची थोडी तरी दोरी असली पाहिजे. त्यासाठी गावोगावी शेतकऱ्यांच्या मालकीची प्रतवारी केंद्रं, रोगमुक्त कलमं आणि पाणी जिरवण्याची कामं या तीन गोष्टींना सरकारने आणि सहकारी संस्थांनी अग्रक्रम द्यायला हवा.

आणि आपण घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. सालीला पिवळा-नारिंगी रंग यायला थंड रात्री लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संत्र्यावर हिरवट छटा असली, तरी ते आतून गोड असू शकतं. रंग बघून नाकारू नका. हातात घ्या, वजन बघा आणि जड लागलं तर घ्या.